वाणात दिलेली सोलणी

अरुंधती टिपणीस आमच्या गल्लीत सून म्हणून आली आणि थोड्याच दिवसांत तिच्या हातच्या वालाच्या बिरड्याचं नाव झालं. पनवेलात वाल सगळेच खातात. पण मोड आलेले वाल एकेक करून सोलताना बोटांची टोकं हुळहुळी होतात, म्हणून बिरडं नेहमी होत नाही. तिच्या सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकली होती, तरी त्या हट्टाने सोलायला बसत. ते बघवेना, तेव्हा अरुंधतीने एक साधन करायला घेतलं.

लाकडी पाटी, तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर, रबराला बारीक चिरा आणि वरून फिरवायला तसंच रबर लावलेला ठोकळा. सुरुवातीला वालांचा नुसता चुरा होई. सासूबाई म्हणत, "वाल फोडायचं यंत्र छान झालंय हो." घरातली माणसं चुऱ्याची आमटी मुकाट्याने खात. अरुंधती चिरा बदलत राहिली. शेवटी एक दिवस सालं चिरांत अडकून राहिली आणि सोललेल्या डाळिंब्या अखंड बाहेर आल्या.

१९८९च्या संक्रांतीला तिने काशिराम सुताराकडून सोलण्या करून घेतल्या आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटल्या. मी विधवा, मला बोलावणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती सोलणी घेऊन माझ्या दारात उभी.

"मावशी, वाल काय फक्त सवाष्णीच खातात?"

बाजारात वाल विकणारी जनी गल्लीत आली, तर तिलाही एक दिली. जनी त्या दिवसापासून टोपलीशेजारी सोलणी मांडून बसू लागली. गिऱ्हाइकासमोर वाल सोलून देई, म्हणून तिच्याभोवती गर्दी होई.

पुढच्याच वर्षी अरुंधतीच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला. तिने ओटीवर काशिरामला बसवलं, रबर कापायला दोन बायका घेतल्या आणि सोलण्या विकायला काढल्या. घर त्यावर चालू लागलं.

मग मुंबईच्या एका मोठ्या भांड्यांच्या कंपनीचे साहेब आले. म्हणाले, "बाजारात एक बाई हे वापरत होती. तिने तुमचा पत्ता दिला." त्यांनी चहा घेतला, सोलणीची तोंड भरून स्तुती केली, आपण मिळून काम करू म्हणाले आणि दोन नमुने घेऊन गेले. पुन्हा काही ते फिरकले नाहीत.

वर्षभराने दुकानात प्लास्टिकची सोलणी दिसली आणि पाठोपाठ वकिलाचं इंग्रजी पत्र आलं. मी ते वाचून तिला मराठीत सांगितलं. कंपनीने सोलणीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, तो मंजुरीपर्यंत पोचला होता आणि अरुंधतीने हे काम ताबडतोब थांबवावं असं त्यांचं म्हणणं होतं.

आम्ही दोघी मुंबईला एका पेटंटच्या जाणकारांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"तुम्ही अर्ज कधी केलात?"

"केलाच नाही. मी वाण वाटलं."

ते हसले. "बाई, पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. तुम्ही ती गावभर वाटलीत, ती वापरात आली. आता तुम्हाला पेटंट मिळणार नाही."

परतीच्या एसटीत ती मानखुर्द मागे पडल्यावर एकदम म्हणाली, "मावशी, वाटलं म्हणून जे माझं राहिलं नाही, ते त्यांचं कसं झालं? त्यांनी तर मी वाटल्यानंतर अर्ज केला."

मी म्हटलं, "हेच पेटंटच्या कचेरीत मांडायचं."

अशा अर्जाला कोणालाही हरकत घेता येते, हे आम्ही कचेरीत जाऊन विचारून आलो. मुदत संपायच्या आत हरकत नोंदवली. मजकूर तिचा, इंग्रजी माझं. गल्लीतल्या बायकांनी प्रतिज्ञापत्रं दिली आणि घासून गुळगुळीत झालेल्या सोलण्याही दिल्या. कंपनीचं उत्तर आलं: हा घरगुती समारंभ होता, ओळखीच्या सुवासिनींना खासगी भेट दिली, याला उघड वापर म्हणता येत नाही.

अरुंधती ते उत्तर घेऊन तडक बाजारात जनीकडे गेली. मीही गेले.

"जनी, ते म्हणतात हा घरातल्या घरातला मामला आहे."

जनीने हातातला ठोकळा थांबवला. "घरातला? मी काय तुजी जाव हाय? भर बाजारात सगल्यांच्या म्होरं सोलते मी. तो सायेबच हितं उभा रावून बघत व्हता. अर्धा शेर डालिंब्या घेतल्या न् वर कोथमीर फुकट मागितली."

"हे तिकडे येऊन सांगशील?"

"मंबईला? न् माजी टोपली कोन बघंल?"

"मी बसते," मी म्हटलं.

"मावशी, तुमी? तुमाला भाव तरी करता येतो का?"

शेवटी टोपली तिच्या बहिणीने सांभाळली. माझंही निवेदन होतंच, तेव्हा मला जावं लागलं.

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने पुन्हा सुवासिनींचा मुद्दा काढला. मी उभी राहून म्हटलं, "मी विधवा आहे. मला सोलणी मिळाली आहे." मग जनी बोलली. अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, "ही वस्तू तुम्ही प्रथम कुठे पाहिलीत?" साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत होते.

"पनवेलच्या बाजारात," साहेब म्हणाले.

"अर्ज करण्याआधी?"

"हो."

"कोथमीरचं पन सांगा," जनी म्हणाली.

काही महिन्यांनी निकाल आला. कंपनीला पेटंट नाकारलं. वस्तू आधीपासून उघड वापरात होती, तेव्हा ती कोणा एकाची होऊ शकत नाही. म्हणजे अरुंधतीला कोणी थांबवू शकत नव्हतं. तिलाही कंपनीला थांबवता येत नव्हतं. प्लास्टिकच्या सोलण्या दुकानात तशाच राहिल्या. तिच्या नवऱ्याला ते लागलं. ती म्हणाली, "विकू देत. त्यांचं रबर वर्षात कडक होतं. माझी ओटी चालू आहे." आणि काशिरामला दुसऱ्या दिवशीचं लाकूड काढून दिलं.

त्यानंतरच्या संक्रांतीला तिने मलाही हळदीकुंकवाच्याच दिवशी बोलावलं. बायका नव्या वाणाची वाट बघत होत्या, कारण ती चिंचेतले चिंचोके काढायचं काहीतरी करते आहे, हे गल्लीत पसरलं होतं. तिने सगळ्यांच्या हातावर स्टीलच्या वाट्या ठेवल्या.

"हे काय गो?" जनी म्हणाली. "आनि त्या फडक्याखाली काय हाय?"

"काही नाही."

"काय नाय तं तू त्याच्यावर बसलीस कशाला?"

"अर्ज जायचाय अजून," अरुंधती म्हणाली आणि तिथून न उठता तिने जनीपुढे तिळगूळ धरला.