विमलमावशींची उघडी मोटार

विमलमावशी मोटारीशी बोलत असत. रोज सकाळी लुगड्याचा पदर कमरेला खोचून त्या बॉनेटवर हात ठेवत आणि विचारत, "काय गो, आज बरा मा?" मुलुंडच्या आमच्या चाळीत नव्याने आलेली माणसं हसत. जुनी हसत नसत.

मोटार विलायती, आकाशी रंगाची, वरातींना भाड्याने जाणारी. बटण दाबलं की तेलाच्या पंपाच्या जोरावर मागच्या घडीतून कापडी टप आपोआप उठे आणि समोरच्या काचेवर येऊन बसे. मावशींचे यजमान नाना ती चालवत. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा मावशींनी नानांकडूनच धडे घेऊन लायसन काढलं. "बाई वरातीची गाडी चालवणार?" असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "नवरो घोड्यार बसलो तर घोडीक इचारतास काय, तू बाई काय बाप्या?"

माझी मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. घाटकोपरच्या प्रसूतिगृहातून तिला घरी न्यायला मावशी आपणहून आल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पोरीला कडक ऊन लागता कामा नये. पण सकाळ कोवळी होती, म्हणून टप उघडाच ठेवून आम्ही निघालो. मागे मी आणि माझी आई. कांजूरमार्गापाशी एक ट्रक आडवा झाला नि रस्ता तुंबला. मे महिन्याचं ऊन बघता बघता डोक्यावर आलं.

मावशींनी बटण दाबलं. टप कण्हत अर्धा उठला आणि तिथेच अडकला. ना सावली, ना गाडी पुढे नेता येई. पोरीचा चेहरा लालबुंद झाला. ती रडायचीही थांबली, तसा माझा जीव घाबरा झाला.

"वाट लागली!" आई म्हणाली.

"काय एक वाट लागूक नाय. पोराक पदराखाली घे गो."

शेजारच्या टायरच्या दुकानातला दांडगा माणूस धावत आला. "हटो मौसी, मैं खींचता है!" त्याने टपाला हात घातला आणि मावशींनी त्या हातावर फटका मारला.

"हात काढ! आत तेल अडकलाहा. जोर लावलंस तर सांगाडो वाकतलो."

त्यांनी आम्हाला पुढे बसवून मागची बैठक उचलून काढली, रस्त्यावर गुडघे टेकले आणि पंपाच्या नळीचा नट पान्याने हळूहळू सैल केला. तेल भळभळून त्यांच्या नव्या लुगड्यावर आलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मग त्या माणसाला दुसऱ्या बाजूला उभं केलं.

"टपाकडे नको, माझ्या तोंडाकडे बघ. मी उचलतंय तसा उचल. सावकाश."

दोघांनी तो सांगाडा एका लयीत पुढे आणला. मावशींनी काचेवरच्या खिट्ट्या हाताने आवळल्या. सावली माझ्या मांडीवर पडली. मी ओल्या फडक्याने पोरीचं कपाळ पुसलं, तशी ती पुन्हा खणखणीत रडली. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मौसी, एक नंबर!" तो टायरवाला ओरडला. मावशींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या सदऱ्यावर तेलाचा पंजा उमटला.

मावशींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी शेकडो वराती नेल्या असतील. मला मात्र त्याच दिवसाची संध्याकाळ आठवते. बातमी चाळीत पोचली होती. नाना काठी टेकत फाटकापाशी आले. हात गेल्यापासून ते त्या मोटारीत बसले नव्हते. बायकोशेजारी बसून जायला त्यांना कमीपणा वाटे. त्यांनी टपाच्या सांगाड्यावरून डावा हात फिरवला.

"वाकूक नाय," ते म्हणाले.

"वाकतलो कसो? शिकवल्यान कोणी?"

पुढचं दार उघडून, पाय उचलून आत घेत नाना बसले.

"चल. स्टेशनापर्यंत फिरव."

"टप?"

"उघड. माका कोण घेवन जाता, ता लोकांका दिसूंदे."

मावशी एका बाजूला उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला माझी आई. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे बघत टप सावकाश मागे नेला.