पुढच्याचा हात दाबा

प्रार्थनेला बसलेल्या माणसांचे किस्से जास्त साचतात, असं माझं मत आहे. डोळे मिटलेले, हसायची सोय नाही, आणि चहा प्रार्थनेनंतरच मिळणार. मग चहाबरोबर सगळं बाहेर येतं. जवाहरनगरच्या क्वार्टर्समध्ये आमची चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं दर शुक्रवारी कुणा एकाच्या घरी प्रार्थनेला जमतात, तिथलेच हे किस्से.

आधी आमची पद्धत सांगते. आम्ही गोल करून बसतो, एकमेकांचे हात धरतो आणि साखळी प्रार्थना करतो. एकाचं झालं की तो पुढच्याचा हात दाबतो, मग पुढचा सुरू करतो. ज्याला मोठ्याने बोलायचं नसेल, त्याने नुसता हात दाबून पाळी पुढे द्यायची. कुणी कुणाला विचारत नाही.

एकदा सायमनभाऊंच्या घरी सभा होती. पास्टरांची प्रार्थना लांबली आणि आत दूध उतू जायच्या बेताला आलं. तेवढ्यात पास्टरांनी मार्था वहिनींचा हात दाबला. सायमनभाऊंची ही बायको फार सरळ बाई. ती म्हणाली, "हे प्रभू, तुझे आभार, आणि दाराजवळ जो कोणी बसला असंल त्याने उठून गॅस बंद करावा, आमेन." त्या दिवशी पाच जण एकदम उठले!

सायमनभाऊ म्हणजे आमची ढोलकी. फॅक्टरीतून रिटायर झाले आणि दर रविवारी उपासनेत वाजवू लागले. ते वाजवायला लागले की पास्टरसुद्धा सुरात गायचे, आणि हे सोपं काम नव्हतं. मग एका सकाळी दात घासता घासता त्यांच्या हातातून ब्रश पडला. लकवा. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र गेला. त्यात संवेदनाही राहिली नाही.

पास्टर भेटायला गेले, मीही बरोबर होते. बायबलमधल्या एका माणसाची गोष्ट सांगितली, की त्याचं सगळं गेलं, घर गेलं, लेकरं गेली, तरी त्याने देवाला सोडलं नाही.

सायमनभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याले ढोलकी वाजवाची नव्हती ना, पास्टर."

पास्टरांनी फाटकापर्यंत हसू आवरलं. फाटकाबाहेर मात्र ते माझ्यासमोर रडले.

सायमनभाऊंनी चर्चला येणं बंद केलं. मार्था वहिनींना म्हणाले, "ज्यानं हात नेला, त्यालेच थँक्यू म्हणू का मी?" वहिनींची एकच इच्छा होती, की या माणसाने पुन्हा एकदा तोंडातून "आमेन" म्हणावं. ढोलकी नाही वाजली तरी चालेल, म्हणायच्या.

शेवटी वहिनींनी हट्टाने त्यांना शुक्रवारी आणलं. साखळी सुरू झाली. सायमनभाऊंच्या डावीकडे मी होते, उजवीकडे पास्टर. मी माझी प्रार्थना संपवून भाऊंचा डावा हात दाबला. मग शांतता झाली. फार वेळ शांतता. पास्टरांना वाटलं, भाऊ मनातल्या मनात देवासमोर मन मोकळं करताहेत. समोर कुणी तरी हुंदकाही दिला. पंख्याचा खडखडाट तेवढा चालू होता.

बऱ्याच वेळाने सायमनभाऊ म्हणाले, "पास्टर, मले तो हात दाबता येत नाही. तुम्ही करा ना सुरू, काहून थांबून राहिले?"

त्या दिवशीचा चहा कुणालाच गोड लागला नाही. पुढच्या शुक्रवारपासून आम्ही साखळी उलट्या दिशेने फिरवायला लागलो. वहिनी भाऊंच्या उजवीकडे बसायच्या. आपलं झालं की कोपराने बरगडीत ढोसायच्या, आणि भाऊ डाव्या हाताने लगेच पाळी पुढे ढकलायचे. एक शब्द नाही. "मी टपालवाला झालो," ते म्हणायचे. "दुसऱ्याचं पोचवतो, आपलं काई लिहीत नाही."

पास्टर मात्र चिकाटीचे. म्हणाले, "सायमन, देवाजवळ तुझ्यासाठी योजना आहे."

"असंल. त्याले म्हणा, एकदा प्लॅन दाखव. मी डाव्या हातानं सही करतो."

मग पास्टरांनीच एक काम काढलं. रविवारच्या उपदेशाला फार वेळ होतो अशी तक्रार होती, म्हणून सायमनभाऊंना मागे खुर्ची दिली आणि सांगितलं, वेळ झाली की हात वर कर. भाऊ आले, बसले, आणि वेळ होताच डावा हात वर केला. पास्टरांच्या उपदेशात नेहमी तीन मुद्दे असतात. तिसरा मुद्दा त्या दिवशी आम्हाला कळलाच नाही. मंडळी खूश झाली. पुढच्या रविवारी पास्टर म्हणाले, या कामाची आता गरज उरलेली नाही.

आता मेश्राम काका. हे सायमनभाऊंचे फॅक्टरीतले जोडीदार, एकाच शिफ्टचे, एकाच बसचे. घर बौद्ध, माणूस पक्का. "मी देव मानत नाही, सायमनले मानतो," हे त्यांचं पहिलंच वाक्य. भाऊंना स्कूटरवर आणायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. सभेत ते दाराजवळच्या खुर्चीत डोळे उघडे ठेवून बसायचे. पास्टर एकदा म्हणाले, "काका, डोळे मिटले तरी चालतील."

काका म्हणाले, "एक जण जागा पाहिजे ना. साऱ्याईच्या चपला बाहेर हायेत."

खरंच, आमच्या चपला तेव्हापासून कधी कुत्र्याने नेल्या नाहीत.

आणि आता करडीचा शुक्रवार. मार्था वहिनींची मावशी करडी नावाच्या गावी असते. नवं धान घरात आलं म्हणून तिने आभाराची प्रार्थना ठेवली. दुपारी आम्ही पोचलो तर दारात धानाची पोती, मेश्राम काकांच्या खुर्चीला जागाच नाही. भाऊंना खाली बसता येत नव्हतं म्हणून त्यांना खाटेवर बसवलं, आणि मावशीने काकांनाही ओढून त्याच खाटेवर, भाऊंच्या उजवीकडे बसवलं. "पाव्हण्यानं हात सोडून बसू नये," ती म्हणाली. काकांनी मुकाट्याने भाऊंचा तो मेलेला हात हातात घेतला.

मावशीला आमची उलटी दिशा माहीत नव्हती. तिने जुन्याच बाजूने साखळी सुरू केली. मध्येच प्रार्थना थांबवायची कशी? मी डोळे मिटून हिशेब केला: पाळी भाऊंच्या डाव्या हाताशी येणार आणि उजव्यापाशी अडणार. साखळी पास्टरांकडून माझ्याकडे आली, माझ्याकडून वहिनींकडे, आणि वहिनींनी प्रार्थना करून भाऊंचा डावा हात दाबला.

शांतता.

मला पहिला शुक्रवार आठवला. माणसाला दुसऱ्यांदा तेच सोसायला लावतोय, असं वाटून मला देवाचाच राग आला. अंगणात कोंबड्या पोत्यांभोवती फिरत होत्या, त्यांचाच आवाज.

मग घसा खाकरल्याचा आवाज आला. मेश्राम काकांचा.

"यानं हात दाबला, म्हणजे माही पाळी आली," ते म्हणाले. "मी देवाले काई मागत नाही. सायमनलेच मागतो. सायमन, तू इतवारी ढोलकी घेऊन बस. एका बाजूनं तू वाजव. दुसरी बाजू मी ठोकतो, जमंल तशी."

आणि मग सायमनभाऊंचा आवाज, जाड आणि ओला.

"आमेन."

वहिनींनी डोळे उघडले नाहीत, पण माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पुढची साखळी कुणी पूर्ण केली, मला आठवत नाही.

चहा झाल्यावर वहिनी काकांजवळ गेल्या. "काका, खरंच त्यांनी हात दाबला होता?"

काका स्कूटरची किल्ली शोधत होते. "तुमच्या सायमनले विचारा."

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं.

"मले त्या हातातलं काई समजत नाही," भाऊ म्हणाले. "मेश्रामलेच मालूम."

काकांनी स्कूटर चालू केली. "बस मांगं," ते म्हणाले. "इतवार परवा हाये. ढोलकीच्या दोऱ्या ढिल्या झाल्या असतील, आजच कसून घेऊ."