बंकटचा जरासंध झाला त्याची गोष्ट

धारूरच्या किल्ल्यामागच्या डोंगरातून पळसाची पानं आणायची आणि काड्यांनी टाचून पत्रावळी-द्रोण करायचे, यातच भिवराबाईची हयात गेली. निजामाचा अमल होता. तिला अक्षरओळख नव्हती, पण देवळात पोथी लागली की हात टाचण्यात आणि कान पोथीत. घरी आली की पोथीतली माणसं तिला गल्लीत दिसू लागत. दिवसभर द्रोण लावणारा नवरा त्रिंबक तिचा द्रोणाचार्य. शेळ्यांत झोपणारा शेजारचा गहिनीनाथ म्हणजे दुर्वास ऋषी. आधी वास यायचा, मग तो. ही जीभ एक दिवस आपल्याला उपाशी मारील, असं त्रिंबक तिला बजावत असे.

तो दिवस मोहनराव पाटलांच्या लेकीच्या लग्नात उगवलाच होता. पाटील दिलदार, पण कानांनी अधू. मुदपाकखाना त्यांनी पुतण्या बंकटवर सोपवलेला, आणि बंकटची मूठ आवळलेली. युसूफ वडगावहून आलेल्या वऱ्हाडातल्या बायका पंगतीला बसल्या. कडेला भिवराबाईही बसली. बंकट तूप घेऊन आला आणि "जरासं, जरासं" करत पोळीवर एकेक थेंब टाकत पुढं सरकला.

भिवराबाई शेजारणीच्या कानाशी लागली, "बंकट कशाचा बाई, ह्यो तर जरासंध हाय."

शेजारीण फिसकन हसली. तिनं पुढचीला सांगितलं, पुढचीनं तिच्या पुढचीला. पंगतीच्या टोकाला विहीणबाईंना ठसका लागला, तसे पाटील धावत आले. काय झालं म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी तोंडाला पदर लावले. शेवटी त्यांची थोरली बहीण सुभद्राबाई त्यांच्या कानात ओरडली, "जरासंध म्हंत्यात बंकटला!"

भिवराबाईचा घास हातातच राहिला. पाटलांच्या घरचं पत्रावळींचं काम गेलं, असं तिनं धरूनच टाकलं.

पाटलांना मात्र 'जरासं' तेवढं ऐकू आलं. चेहरा लाल झाला. "जरासं कावून? माझ्या मांडवात तूप जरासं?"

त्यांनी बंकटच्या हातातली तपेली ओढून घेतली आणि स्वतः वाढत सुटले. भिवराबाईच्या पानापाशी आले, तेव्हा तिचा द्रोण काठोकाठ भरला. तिनं चोरून आपल्याच घरात टाचलेल्या त्या द्रोणाखाली बोट फिरवलं. तुपाचा टिपूससुद्धा गळला नव्हता. भीती विसरून तिचा ऊर भरून आला.

आठवड्यानं बंकट तिच्या अंगणात येऊन उभा राहिला. गाव आपल्याला या नावानं हाक मारतंय, तर हा जरासंध होता कोण, असं त्यानं विचारलं. तो कधी पोथीला बसलेला नव्हता. भिवराबाईनं हातातली पत्रावळ बाजूला ठेवली.

"मगध देशाचा राजा व्हता," ती म्हणाली. "लई ताकदीचा. भीमालासुदिक लवकर आवरला न्हाई."

"राजा?"

"तर वं. राजा."

बंकटनं मिशीवरून बोट फिरवलं. मग लेकाच्या बारशाला दोनशे पत्रावळी लागतील म्हणाला आणि ताठ मानेनं निघून गेला. दाराआड त्रिंबक धोतराचा सोगा तोंडात कोंबून हसत होता. भिवराबाईनं त्याला उठवलं आणि पानं आणायला डोंगरात पिटाळलं.