बांधावरच्या वेलीचं नाव

मी बेळगावच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, आणि एखाद्या झाडाचं नाव सापडेना की मला अन्न गोड लागत नाही. निपाणीजवळच्या आमच्या शेतात, बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली एक रानवेल अशीच छळत होती. पानं पळसासारखी, तीन-तीनची. पळसवेल असेल, नाहीतर घोडवेल. दोघीही वाटाण्याच्या कुळातल्या. घोडवेलीला जमिनीत मोठा कंद असतो, म्हणजे खणलं की निकाल लागणार होता.

"फुलं येऊ देत की," माझे वडील, आप्पा म्हणाले. "फागणात आपसूक कळंल."

आम्ही जैन. कंदात अनंत जीव असतात, म्हणून कंदमुळं आमच्या घरात येत नाहीत, आणि चातुर्मासात तर आप्पा पाऊल टाकतानाही खाली बघतात. मला मात्र दिवाळीआधी रानवेलींची यादी पुरी करायची होती. ती कुणी मागितली नव्हती, घाई माझीच. दुपारी आप्पा आडवे झाल्यावर मी कुदळ-खुरपं घेऊन गेले. हातभर खाली पांढरट, भोपळ्याएवढा कंद लागला. कापून चाटून बघितला, गोडसर. घोडवेलच. फोटो काढले, वहीत नाव लिहिलं, आणि भलतीच खूश झाले.

चहाच्या वेळी आप्पा बांधावर जाऊन आले. वेलीनं मान टाकली होती. ते रागावले नाहीत. पाय धुतले आणि आईला म्हणाले, "आज आणि उद्या माझं जेवण करू नको."

आप्पांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी उपवास बंद केले होते, आणि दोन वर्षं आप्पांनी मन मारून ते ऐकलं होतं.

"आप्पा, खणलं मी. उपवास मी करते."

"तुला वाईट वाटायलंय व्हय?" त्यांनी शांतपणे विचारलं. "नाव मिळालं म्हणून आतनं बरंच वाटतंय की तुला. मग तुझा उपास कसला?"

खरं होतं ते.

सूर्य बुडायच्या आत आईनं माझं ताट वाढलं. आप्पा समोर येऊन बसले. "जेव. बेळगावपतोर गाडी चालवत जायचं हाय तुला." मला शरम वाटत होती, आणि भूकही लागली होती. मी जेवले. पहिली भाकरी संपल्यावर दुसरी त्यांनीच वाढली.