मिशीकाकांच्या मिशीवर दोन डबे

परमुलखात सव्वीस वर्षं सलून चालवूनही मिशीकाकांनी स्वतःच्या मिशीला कात्री लागू दिली नव्हती. काकूंना मात्र ती डोळ्यांसमोर नको असायची. "चहा तुम्ही पिता की ती?" असं रोज सकाळी विचारायच्या.

मग गावाकडे पूर आला. काकांच्या आईचं घर छपरापर्यंत बुडालं. ती शेजाऱ्यांबरोबर शाळेच्या माडीवर अडकली. दोन दिवस फोन लागला नाही. त्या दोन दिवसांत काकांनी तीन गिऱ्हाइकांचे कल्ले वरखाली कापले, तरी तिघंही पूर्ण पैसे देऊन गेले.

तिसऱ्या दिवशी आईचा आवाज ऐकला आणि काकांच्या जिवात जीव आला. त्याच संध्याकाळी इथल्या गाववाल्यांनी मदतीसाठी सभा भरवली. अध्यक्ष कोण यावरच तासभर हमरीतुमरी झाली. खिशात हात कुणी घालेना. शेवटी काका उठले.

"रविवारी सलूनमध्ये दोन डबे ठेवतो. एक 'ठेवा', एक 'काढा'. ज्यात पैसे जास्त, तसं मिशीचं करायचं. पैसे सगळे गावाला."

रविवारी झुंबड उडाली. आपली भाषा न कळणारा शेजारचा बेकरीवालासुद्धा मिशीकडे बोट दाखवत 'ठेवा'त नोट टाकून गेला. चार वाजता 'ठेवा' बराच पुढे होता. काका ऐटीत पीळ देत बसले होते. तेवढ्यात काकू आल्या, हातात जाडजूड पाकीट.

"अगं, हे नव्या सोफ्यासाठी साठवलेले ना?"

"हो."

"सगळे?"

"सव्वीस वर्षं वाट पाहिलीय," म्हणत काकूंनी पाकीट 'काढा'त टाकलं.

एकच हशा उसळला. मिशीच्या कैवाऱ्यांनी पुन्हा खिसे झाडले, तरी 'काढा' जिंकला. काकांनी वस्तरा काकूंच्याच हाती दिला. एक बाजू साफ झाली आणि काकूंनीच वस्तरा थांबवला.

"राहू दे का हो?"

"आता? अर्धी?" काका म्हणाले.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईने फोन डोळ्यांजवळ नेला. "सूनबाई, दुकानात हा कोण बसवलायस?"

"आई, मीच!"

ती इतकी हसली, की माडीवरच्या साऱ्या बायका फोनभोवती जमल्या. पुरानंतरचं तिचं ते पहिलं हसू. काका मात्र एकेकीला तोंड दाखवून लाजेने चूर झाले.

महिन्याभरात त्या पैशांतून बावीस घरांवर नवे पत्रे चढले. आईने आपल्या घराचं काम सगळ्यांत शेवटी घ्यायला लावलं.