मी बालाघाट बोलते

बालाघाटचा टेलिफोन कोड शून्य सात सहा तीन दोन. आता मोबाइल उशाशी असतो आणि कोड कुणाच्या तोंडी राहिलेला नाही. पण तो आम्हाला मिळाला त्या दिवशी मी ते पाच आकडे कागदावर लिहून बराच वेळ बघत बसले होते. जबलपूर शून्य सात सहा एक. नागपूर शून्य सात एक दोन. गोंदिया शून्य सात एक आठ दोन. म्हणजे छोट्या रेल्वेनं सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचायचं ते गोंदिया, जिथं माझी मावशी, आत्या आणि निम्मा गोतावळा, ते आकड्यांत नागपूरच्या घरचं. आणि आम्ही जबलपूरच्या घरचे. छप्पन साली राज्यं बदलली तेव्हा मी शाळेत होते, आणि नागपूरचे आम्ही एका दिवसात भोपाळचे झालो होतो. दोन राज्यांमधली ती रेघ आकड्यांतही आलेली पाहून वाईट वाटलं. आणि तरी एवढे पाच आकडे फिरवले की मद्रासेतला माणूससुद्धा थेट आमच्या गावात घंटी वाजवू शकत होता, याचं जे नवल वाटलं ते अजून गेलेलं नाही.

कोड येण्याआधी हे काम माणसं करत. साठच्या दशकात बालाघाटच्या एक्स्चेंजमध्ये दिवसपाळीला ते मी करत होते. तेव्हा बालाघाटचा कोड मीच होते असं म्हटलं की नातवंडं हसतात. हसू देत.

माझ्यासमोर एक लाकडी बोर्ड होता. गावातल्या प्रत्येक टेलिफोनची आणि परगावच्या प्रत्येक लाइनीची त्यावर एक छोटी झडप. कुणी घरच्या फोनचं हँडल फिरवलं की त्याची झडप खट्कन खाली पडायची, मी तिथं कॉर्ड खुपसायची आणि विचारायची, कुठं लावू. परगावचा कॉल असला की पलीकडच्या गावची ऑपरेटर यायची. आम्ही एकमेकींची नावं कधी घेतली नाहीत. नियमच होता, गावाच्या नावानं बोलायचं. ती म्हणायची, "बालाघाट?" मी म्हणायची, "बोल गोंदिया." दहा वर्षं रोज बोललो, पण तिचं तोंड कसं आहे हे मला आजही माहीत नाही. मॅट्रिक झालेली एक साधी मुलगी, घरी धाकट्या बहिणीशी साबणावरून भांडणारी, आणि कानाला हेडफोन लावला की तिला नागपूर, जबलपूर, गोंदिया ही मोठमोठी गावं बालाघाट म्हणून हाक मारत. पहिले काही महिने माझ्या अंगावर काटा यायचा.

त्याहून नवलाची गोष्ट वेगळीच. लाइन अशक्त असली, आणि ती बहुतेकदा असायचीच, तर दोन टोकांच्या माणसांना एकमेकांचं काही कळायचं नाही. मधे बसलेल्या आम्हाला मात्र दोन्हीकडचं ऐकू यायचं. मग आम्ही सांगायचं. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, आणि तेही 'ते म्हणतात' असं न लावता, त्यांच्याच शब्दांत. सुपरवायझरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही, आणि घरी जाताना कान इथंच ठेवून जायचे. त्यामुळे मी उकव्याच्या खाणीचा मॅनेजर होऊन जबलपूरला वॅगनसाठी दमदाटी केलेली आहे. हट्ट्याहून बसनं येऊन पोस्टातून फोन लावणारी म्हातारी बाई होऊन मी तिच्या मिलिटरीतल्या मुलाला "पोटभर जेवत जाय" असं सांगितलं आहे, आणि तो मोठा बाप्या मलाच "हौ माय" म्हणाला आहे.

बाबांना या नोकरीबद्दल काय वाटतं हे मला कधी कळलं नाही. आमचं गाव याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडचं, बाबा बालाघाटला तांदळाच्या गिरणीत वजनकाट्यावर होते. दिवसभर पोती मोजणाऱ्या माणसाला शब्दही मोजूनच वापरायची सवय लागली असावी. मला नोकरी लागली तेव्हा "बरं" म्हणाले. त्याच्यापुढे काही नाही. मुलीनं दिवसभर परक्यांशी बोलावं हे त्यांना पटतं की चालवून घेतात, हा प्रश्न माझ्या मनात कायम होता आणि विचारायची छाती नव्हती.

मग गोंदियाचं स्थळ आलं. कापडदुकानवाले, मुलगा शिकलेला. बघायला आले, दोन वेळा पोहे घेतले, मुलानं मान खाली घालूनही मला चांगलं पाहून घेतलं. मलाही तो आवडला होता, खोटं कशाला बोलू. फक्त जाताना त्याच्या वडिलांनी आईला विचारलं, "नोकरी किती दिवस करनार हाय?" आणि आईनं घाईघाईनं विषय बदलला. मुलगा हवा होता आणि बोर्डही हवा होता. गोंदियाच्या एक्स्चेंजमध्ये बदली मागायची, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं.

पत्र येईल असं सगळ्यांना वाटत होतं. पण त्यांच्या दुकानात नुकताच टेलिफोन आला होता, आणि घरात नवा टेलिफोन असताना पंधरा पैशांचं अंतर्देशीय कोण लिहितो?

सकाळी अकराच्या सुमाराला गोंदियाची झडप पडली.

"बालाघाट, तांदळाची गिरणी दे. कापडदुकानातून कॉल आहे. वजनकाट्यावरच्यांना बोलवा म्हणतात."

मी गिरणीत कॉर्ड लावली. मुनीमजींनी बाबांना हाक मारलेली मला ऐकू आली. मग गिरणीची धडधड, आणि त्या धडधडीत बोलण्याआधीचा बाबांचा तो छोटा खोकला. बाबांनी त्याआधी कधी टेलिफोन हातात धरला नव्हता. घरी ते ओसरीच्या त्या टोकाला बसायचे, मी या टोकाला. आज त्यांचा श्वास माझ्या कानात होता. इतक्या जवळून मी त्यांना लहानपणानंतर ऐकलंच नव्हतं, आणि क्षणभर मी आपण कशासाठी बसलो आहोत तेच विसरले.

"कोन?" बाबा म्हणाले.

तिकडून कापडवाल्यांचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. बाबांना काही कळेना. त्यांनाही बाबांचं कळेना. मी म्हटलं, "लाइन अशक्त आहे. मी मधून सांगते, सावकाश बोला."

बाबांनी माझा आवाज ओळखला होता.

कापडवाले म्हणाले आणि मी बाबांना सांगितलं, "मुलगी आमच्या घरी सगळ्यांले पसंत आहे." स्वतःच्या तोंडानं स्वतःला पसंत करून घेतलेली माझ्यासारखी दुसरी कुणी असेल असं वाटत नाही. पुढचं वाक्य आलं. तेही मी तसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न गाळता. "पन टेलिफोनची नोकरी तिले सोडा लागन. परक्या मानसाईशी दिवसभर बोलनं आमच्या घरात जमनार नाही. साखरपुड्याच्या आधीच सोडा लागन."

माझा आवाज हलला नाही. त्याचा मला आजही अभिमान आहे.

गिरणी धडधडत होती. मग बाबा म्हणाले, "तू काय म्हनतं?"

आणि मी, सवयीनं, तेच गोंदियाला सांगितलं, "तू काय म्हनतं?"

तिकडे गोंधळ उडाला. होणाऱ्या व्याह्याला तू? "मी?" कापडवाले म्हणाले. "मी त सांगतलं ना."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा त्यांना विचारतच नव्हते. माझा हात कॉर्डवर होता. बोर्डावर बसून माझा स्वतःचा असा शब्द मी आजवर बोलले नव्हते. तिथं माझं मत कुणी मागत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घरीही नव्हतं.

बाबा पुन्हा खोकले. "सांग ना माय," ते म्हणाले. "तुले जे वाटते ते माह्याकडून सांगून दे."

मी गोंदियाला सांगितलं, "पोरगी नोकरी नाही सोडनार."

कानात बाबांचा आवाज आला. "हौ. असंच म्हटलं मी."

"मंग आमाले विचार करा लागन," कापडवाले म्हणाले. मी बाबांना सांगितलं.

"करा," बाबा म्हणाले. मी तेही सांगितलं. कॉल संपला. कॉर्ड काढताना मुलाची खाली घातलेली मान मला आठवली आणि डोळे भरून आले, ते कुणी पाहायच्या आत पुसले. गोंदियानं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बालाघाट, जबलपूरचा अर्जंट आहे, घेतेस का?" मी घेतला.

तिकडच्यांनी पुढे काही कळवलं नाही. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, इथंच, आणि बोर्ड माझ्याकडेच राहिला. पण कोडाचे ते पाच आकडे आले तेव्हा मला सगळ्यात आधी तो कॉल आठवला. त्या दिवशी गोंदियाहून आकडे फिरवून थेट गिरणीत फोन लागला असता, तर लाइनीवर ते दोघेच असते. आणि बाबा मानी असले तरी मुलीचे बाप होते. "बरं" म्हणून मोकळे झाले असते.

त्या कॉलच्या दिवशी संध्याकाळी मी कान एक्स्चेंजमध्ये ठेवून घरी गेले. ताटावर बसल्यावर बाबाच आईला म्हणाले, "गोंदियाचा फोन आलता गिरनीत."

आईचा हात भाताच्या पातेल्यावरच थांबला. "मंग?"

"पोरगी नोकरी नाही सोडत म्हनून सांगतलं मी."

"परस्पर?" आई म्हणाली. "अन् तिले इचारलं काहो तुमी?"

बाबांनी भात कालवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"हौ," ते म्हणाले. "लाइनीवरच होती ते."