आक्कानं सांगितलेली तारीख

माझ्यावर सगळ्यांत जास्त ऋण माझ्या थोरल्या बहिणीचं आहे. तिला आम्ही आक्का म्हणतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि गेलो तो तिच्या घरात राहून. आमचं गाव पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं, घरी आबांची, म्हणजे वडिलांची, मेंढरं. आक्काला आष्ट्याला दिलेली. मी बारावी झाल्यावर तिनं दाजींना सांगितलं, "ह्यो आता हितं ऱ्हाणार." दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. म्हशीला वैरण टाकायला एक माणूस झाला." त्या विषयावर त्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मी रोज एसटीनं सांगलीला जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. असं करून मी संगणकाची पदवी घेतली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शेवटच्या वर्षी सरांनी वर्गात सांगितलं की पुण्यातल्या कंपन्या आता मुलाखतीचं बोलावणं ई-मेलवर पाठवतात, तेव्हा प्रत्येकानं पत्ता काढून ठेवावा. सांगलीत तेव्हा एक-दोन ठिकाणी इंटरनेट कॅफे निघाले होते. त्याच आठवड्यात आक्का बाजाराला सांगलीला येणार होती. "तुझं ते मशीन तरी बघू," असं ती बरेच दिवस म्हणत होती. म्हणून मी तिला घेऊन कॅफेत गेलो.

कॅफेचा मालक माझ्याहून थोडा मोठा असेल. नवीन माणसाला तो कीबोर्डला हात लावू देत नसे. स्क्रीनवर आलेला प्रश्न तो मराठीत विचारायचा आणि उत्तर स्वतःच टाइप करायचा. आक्का खुर्चीच्या कडेला बसली होती, पदर सावरून, दवाखान्यात बसतात तशी. तिला ऊन लागलं होतं, म्हणून मी मध्येच उठून उसाचा रस आणायला गेलो. परत आलो तेव्हा मालकानं मला जन्मसाल विचारलं, ते मी सांगितलं. मग तो म्हणाला, "आता एक खूण लागते. कधी पासवर्ड विसरलात तर हेच विचारणार. तुमच्याकडच्या जनावराचं नाव सांगा." मी आमच्या मेंढरांमागच्या कुत्र्याचं नाव सांगितलं. आक्का हसली. शेवटी त्यानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि मान वळवून म्हणाला, "पासवर्ड तुमचा तुम्ही टाका. कुणाला ओळखू येणार नाही असा."

मी आमच्या सकाळच्या एसटीचा नंबर टाकला. तीन वर्षं त्याच गाडीनं जात होतो, नंबर रोज डोळ्यांसमोर होता. कुठं लिहून ठेवायची गरज वाटली नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस मी ते खातं उघडलं नाही. तासाला पैसे पडत, आणि मला मेल पाठवील असं कुणी नव्हतंही. पुण्याच्या एका कंपनीला अर्ज केला, त्यावर तो पत्ता लिहिला आणि परीक्षेच्या तयारीला लागलो. दरम्यान आगारानं आमच्या मार्गावर नवी गाडी दिली. बसायला बरी होती. जुन्या गाडीची मला आठवणही झाली नाही.

परीक्षा संपल्यावर एका शुक्रवारी वर्गातला मित्र भेटला. म्हणाला, "तुला आलं का रं बोलावणं? सोमवारी पुण्यात मुलाखत हाय. मेलमध्ये एक नंबर दिलाय, त्याच्याशिवाय आत घेत न्हाईत."

मी तडक कॅफेत गेलो. बसचा नंबर टाकला. चुकीचा आला. शेवटचे दोन आकडे आलटून पालटून पाहिले, तरी चुकीचा. स्टँडवर जाऊन आमच्या ओळखीच्या कंडक्टरला विचारलं.

"ती जुनी गाडी व्हय? ती कवाच दुसऱ्या आगाराला गेली."

"नंबर आठवतोय का?"

"गड्या, मला घरच्या पोरांची नावं आठवत न्हाईत. तू चढणार हायस का न्हाई ते सांग."

कंपनीला एसटीडीवरून फोन केला. पलीकडच्या बाई सौम्यपणे म्हणाल्या की मेलमधला नंबर फोनवर सांगता येत नाही, तुमची मेल उघडून बघा. मी हो म्हटलं.

पासवर्ड विसरल्यास काय करायचं, त्याचं एक वेगळं पान होतं. ते आधी जन्मतारीख मागे आणि ती जुळली तरच पुढं खुणेचा प्रश्न विचारी. मला हायसं वाटलं. माझी तारीख एक जून. आमच्या भागात माझ्या वयाच्या निम्म्या लोकांची तीच असते. पोराला पहिलीत घालायला कोणी आणलं की गुरुजी वय अदमासानं धरत आणि एक जून लिहीत, म्हणजे शाळा सुरू होताना वय बरोबर भरे. दाखल्यावर, गुणपत्रिकेवर, सगळीकडे मी एक जूनचाच. मी एक जून टाकलं. पान म्हणालं, जुळत नाही.

मालक मागे येऊन उभा राहिला. "एक जूनच असणार की. हितं येणाऱ्या सगळ्यांचा त्याच दिवशी वाढदिवस. त्या दिवशी केक कापायचं ठरवलं तर मला दुकान विकायला लागंल."

"तुम्हीच टाइप केलं होतं. काही आठवतंय का?"

"आवं, दिवसाकाठी किती माणसं येतात. कुणाची म्हणून ध्यानात ठेवू?"

मग मला आठवलं की घरी मला 'संक्रांतीचं पोर' म्हणत. आई असेपर्यंत माझ्या जन्माचा विषय निघाला की एवढंच सांगितलं जाई. संक्रांत म्हणजे चौदा जानेवारी. तीही तारीख टाकली. तीही जुळली नाही. त्यानंतर आणखी एकदा काहीतरी टाकलं, आणि पानानं सांगितलं की आता उद्या प्रयत्न करा.

शनिवारी पुन्हा तेच झालं. संध्याकाळी आष्ट्याला परतलो तेव्हा आक्का भाकरी थापत होती आणि दाजी उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होते. मी काय झालं ते सांगितलं. सोमवारी पुण्याला पोचायचं तर आता हातात फक्त उद्याचा दिवस, हेही सांगितलं.

दाजी म्हणाले, "म्हंजे स्वतःचं नाव ठावं हाय, पर जलमलास कवा ते ठावं न्हाई. लय शिकलास बाबा."

"आक्का, मी संक्रांतीचाच ना?"

"व्हय," ती म्हणाली. तव्याकडे बघत म्हणाली.

"ती टाकली. ती पण नाही म्हणतंय."

"मग तुझं मशीन खोटं बोलतंय."

दाजी हसले. "मशीन कशापायी खोटं बोलंल? त्याला काय सोयरीक जुळवायची हाय?"

आक्कानं भाकरी उलटली. मग तवा खाली उतरवला, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागली.

त्या वर्षी आमचं बिऱ्हाड उंब्रजच्या बाजूला एका शेतात होतं. शेतमालकाला खत मिळावं म्हणून त्याच्या रानात मेंढरं बसवली होती. संक्रांतीला शेतमालकाच्या घरच्या बायकांनी आईला वाण घ्यायला बोलावलं, पण तिच्या पोटात दुखायला लागलं होतं, ती गेली नाही. ती रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी झालो. दुसरा दिवस म्हणजे किंक्रांत. त्या दिवशी आमच्याकडे कुणी नवं काम काढत नाही, प्रवासाला निघत नाही, सोयरिकीचं बोलत नाही. जवळ आक्काच होती, दहा वर्षांची. पाणी तापवायला तिलाच बसवलं होतं. आईनं तिला सांगितलं, कुणी विचारलं तर कालचा म्हण. त्याला पण सांगू नगंस कवा.

"तवा मी तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं व्हतं, न्हाई सांगणार म्हणून," आक्का म्हणाली. "आज आई असती तर तिला इचारून सांगितलं असतं."

"मग त्या कॅफेवाल्याला?"

"तू रस आणाय गेलास तवा त्यानं इचारलं, ह्यो कवाचा? मी म्हटलं, किंकरातीचा. तो परका माणूस. त्याला सांगून काय व्हतंय? तू तितं नव्हतास, आन् मशीनपुढं खोटं बोलाय मला भ्या वाटलं."

दाजी सुपारी कातरायचे थांबले. ते म्हणाले, "इतकी वरसं मला पण सांगितलं न्हाईस."

"तुमाला सांगितलं असतं तर साऱ्या आष्ट्याला कळलं असतं."

"त्ये बी खरं हाय," दाजी म्हणाले, आणि पुन्हा कातरायला लागले.

जेवताना ती एकदाच बोलली. म्हणाली, "उघडलं तर उघडू दे. पर ती तारीख आनी कुठं लिहू नगंस."

रविवारी कॅफे दुपारपर्यंत उघडा असे. मी दारातच उभा होतो. पंधरा जानेवारी टाकलं. पान पुढं सरकलं आणि कुत्र्याचं नाव विचारलं. मी ते टाकलं. नवा पासवर्ड मागितला, तोही दिला. या वेळी मालकाकडून कागद घेऊन तो लिहून ठेवला. खात्यात एकच मेल होती. तीत सोमवार होता, वेळ होती आणि नंबर होता. मालकानं वाकून पाहिलं आणि विचारलं, "मग कुठली निघाली?" मी म्हटलं, "घरची होती."

त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं मी पुण्याला गेलो. तिथून आक्काला पाठवलेलं पत्र तिनं जपून ठेवलं आहे. गेल्या वेळी गेलो तेव्हा तिच्याकडून मागून उतरवून घेतलं.

"आक्का,

हे पत्र तू स्वतः वाच, दाजींना वाचायला देऊ नकोस. तुला जमावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे आणि जोडाक्षरं होतील तेवढी टाळली आहेत.

मला घेतलं. सोमवारी दाराशी नंबर विचारला, तो मी सांगितला. आत चार जणांनी प्रश्न विचारले. दोन दिवस थांबवून घेतलं आणि काल सांगितलं की लगेच कामावर या. त्यामुळं आता घरी येऊन जायला जमणार नाही. माझे कपडे आणि दाखले मित्र घेऊन येईल, त्याच्याकडे दे.

इथं कागद भरून घेतले. त्यात जन्मतारीख होती. दाखल्यावर आहे तीच लिहिली, एक जून. तू सांगितलेली कुठंही लिहिली नाही. ती फक्त त्या खात्यात आहे, आणि ते खातं मी उघडल्याशिवाय कुणाला दिसत नाही. आईचा शब्द तू माझ्यापायी मोडलास, असं मनात आणू नकोस.

एक विचारायचं राहिलं. माझ्या वेळी तू होतीस म्हणून माझा दिवस कळला. तुझा कोणता? मागं आबांना विचारलं होतं. ते म्हणाले, तवा मेंढरं नदीच्या पल्याड व्हती, एवढंच ठावं हाय. तुला आई काही बोलली असेल तर कळव. नसेल तर राहू दे.

दिवाळीला सुट्टी मिळेल असं दिसत नाही. पण जानेवारीत येईन. संक्रांतीला गाड्यांना गर्दी असते, म्हणून दुसऱ्या दिवशी निघेन. त्या दिवशी कुणी प्रवास करत नाही, बसायला जागा मिळेल. माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. आदल्या दिवशीचं जे उरलं असेल ते ठेव.

म्हशीला वैरण आता दाजींना टाकावी लागत असेल. त्यांना नमस्कार सांग."